वैशाखातील रजई

दान हे दात्याच्या इच्छेवर अवलंबून असते, ही त्या पुण्यकर्मातील मूळ त्रुटी होय. देश, काळ आणि पात्र पाहून दान करावे असे शास्त्र सांगते. परंतु दात्याच्या मनात दानाची इच्छाच उत्पन्न झाली नाही तर काय करावे, याविषयी ते मौन बाळगते. इच्छा ही मोठी बेभरवशाची वस्तू आहे. ती एकांतात उगवते, एकांतातच मावळते, आणि तिची पावती फाडता येत नाही. हजारो वर्षे तशीच राहून गेलेली ही उणीव दूर करण्याचे श्रेय शिरूर अनंतपाळ येथील श्री अक्षय दानप्रेरणा समितीकडे जाते. समितीने देश, काळ आणि पात्र या तीन अंगांना ध्वनिक्षेपक हे चौथे अंग जोडले आणि इच्छेची अट काढून टाकली.

समितीत नऊ सदस्य असून नऊही जण पदाधिकारी आहेत. (साधा सदस्य होण्यास कोणी तयार झाले नाही.) संस्थापक अध्यक्ष श्रीशैल मालक यांचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. कोणत्या जमिनीत काय पेरले असता किती उगवते, याचा त्यांचा अभ्यास दांडगा. तोच त्यांनी माणसांना लावून पाहिला. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला मंगल कार्यालयात दानोत्सव भरतो. प्रवेशद्वारी नोंदवही असते. तिच्यात नाव, गल्ली, मोबाइल क्रमांक आणि 'अपेक्षित रक्कम' असे चार रकाने असून चौथा रकाना समिती स्वतःच पेन्सिलने भरून ठेवते, जेणेकरून दात्याला आकडेमोडीचा त्रास होऊ नये. त्यानंतर ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव पुकारले जाते. पुकारलेल्या गृहस्थाने उभे राहावे आणि आकडा सांगावा, इतकीच अपेक्षा असते. आकडा शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थाच्या आकड्याहून कमी नसावा. समितीच्या नियमावलीत या कलमाचे नाव 'शेजारधर्म' असे आहे.

उभ्या गृहस्थाला आकडा सुचला नाही तर त्याला कोणी बोलत नाही, रागावत नाही. निवेदक मारोती सर, जे एरवी शाळेत भूगोल शिकवतात, ते केवळ प्रेमाने म्हणतात, "दाते विचार करून राहिलेत. पेटी वाजवा." मग पेटीवाला काळी चारचा एकच सूर धरतो आणि सभा त्या गृहस्थाकडे पाहत राहते. गेल्या दोन वर्षांच्या निरीक्षणातून समितीने पुढील कोष्टक सिद्ध केले आहे : पहिल्या दहा सेकंदांत एकशे एक, विसाव्या सेकंदाला पाचशे एक, चाळिसाव्याला अकराशे एक, एक मिनिटानंतर दोन हजार एक आणि खोकला. एका निवृत्त तलाठ्यांनी मात्र तब्बल चार मिनिटे तग धरला होता. शेवटी त्यांनी एक छताचा पंखा दान दिल्याचे जाहीर केले. (तो पंखा कार्यालयाचाच होता, हे मागाहून लक्षात आले. तोवर त्यावर त्यांचे नाव रंगवून झाले होते.)

गुप्तदानाचीही सोय आहे. गुप्तदात्यांची नावे वेगळ्या फलकावर, छायाचित्रांसह लावली जातात.

जे येत नाहीत त्यांनाही समिती विसरत नाही. समारोपाच्या वेळी अनुपस्थितांची यादी वाचली जाते आणि तेवढ्यापुरता बाहेर, गल्ल्यांच्या दिशेने लावलेल्या चारही कर्ण्यांचा आवाज वाढवला जातो.

या शेवटच्या तरतुदीमुळेच धोंडप्पा त्या सकाळी मंगल कार्यालयात येऊन बसले होते.

धोंडप्पा एसटीचे निवृत्त वाहक. अठ्ठावीस वर्षे लातूर-उदगीर मार्गावर त्यांनी घंटी ओढली. भरल्या गाडीत कोण तिकीट चुकवतो आहे आणि कोणापाशी खरोखरच पैसे नाहीत, हे त्यांना माणसाच्या पाठीवरून कळे. दुसऱ्या प्रकारचा माणूस दिसला की ते खिडकीबाहेर पाहत आणि आपल्या खिशातून नाणी काढून तिकीट फाडत. त्याची वाच्यता त्यांनी कधी केली नाही. घरी फक्त गौरम्मांना ठाऊक होते, तेही धुवायच्या सदऱ्यात पगाराच्या दिवशीही काही सापडत नसे म्हणून.

"जाऊन बसा मुकाट्यानं," गौरम्मांनी सकाळी बजावले होते. "मागल्या साली न्हाई गेलात, तर भोंग्यातून तीनदा नाव आलं. मला विहिणीनं निलंग्याहून फोन केला, अप्पा बरे हायेत का म्हणून."

"एकशे एक दे मग."

"देते. अन् त्या बंडीतल्या पाकिटाला हात लावायचा न्हाई. ते रजईचं हाय."

या रजईविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. धोंडप्पांच्या भिंतीला भिंत लावून निजामोद्दीन राहतात. त्यांचा गाद्या-रजया भरण्याचा धंदा. तयार गाद्यांची दुकाने झाल्यापासून तो खंगत गेला. त्यांची मुलगी उमैमा लातुरास परिचारिकेचे शिक्षण घेते आणि तिथेच वसतिगृहात राहते. निजामोद्दीन हे उसने मागणाऱ्यांतले नव्हेत, आणि धोंडप्पा हे उपकार करणाऱ्यांतले नव्हेत. तेव्हा दोघांमध्ये एक रीत पडली. दरवर्षी वैशाखात, जेव्हा डोक्यावरचा रुमालही नकोसा होतो, तेव्हा धोंडप्पा आपली जुनी रजई खांद्यावर टाकून शेजारी जात. "निजामभाई, कापूस बसलाय हिचा. भरून ठेवा. मजुरी आगाऊ देतो." निजामोद्दीन गंभीरपणे रजई दाबून पाहत. "हां अप्पा, बसलाय खरा. वेळ लागंल पण." रजई त्यांच्याकडे आषाढापर्यंत पडून राही आणि होती तशीच परत येई. मजुरी पाच हजार रुपये. वसतिगृहाच्या फीचा शेवटचा हप्ताही पाच हजार रुपये. या दोन आकड्यांमधील साम्य दोघांपैकी कोणाच्याही बोलण्यात कधी आले नाही, आणि उमैमेला तर ते माहीतच नव्हते. दान असे जर कोठे उरले असेल तर ते इथे होते, आणि त्याला दान म्हणण्याची दोघांनाही लाज वाटली असती.

यंदा हप्त्याची शेवटची तारीख अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी बारापर्यंत होती. निवृत्तिवेतन उशिरा आले, रजई द्यायची राहून गेली. सभा आटोपली की थेट निजामभाईंकडे जायचे, असे ठरवून धोंडप्पांनी पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवले होते. पाचशेच्या दहा नोटा. प्रत्येक नोट उभी दुमडलेली. बोटांच्या बेचक्यांत नोटा धरणाऱ्या वाहकाला ती आडवी दुमडताच येत नाही.

सभेचा आरंभ श्रीशैल मालकांनी एक्कावन्न हजार रुपये जाहीर करून केला. ते दरवर्षी करतात. (हा आकडा मुहूर्ताचा मानला जातो. मुहूर्त रोखीत मोजण्याची प्रथा नाही.) त्यानंतर नावे सुरू झाली. धोंडप्पांच्या डाव्या खुर्चीवर बसलेल्या निवृत्त ग्रामसेवकांनी दोन हजार एक सांगितले आणि पुण्य लाभल्याच्या समाधानाने धोंडप्पांकडे पाहिले.

"श्रीयुत धोंडप्पा, माजी वाहक!"

धोंडप्पा उभे राहिले. "एकशे एक," ते म्हणाले.

"एकशे एक म्हणजे, सुरुवात चांगली झाली!" मारोती सर म्हणाले. "अप्पा पुढं विचार करून राहिलेत. पेटी वाजवा."

काळी चार लागली. वैशाखाचे ऊन पत्र्यातून खाली उतरत होते. दोनशे चाळीस माणसे धोंडप्पांकडे पाहत होती आणि प्रत्येकाच्या मुद्रेवर आपला नंबर होऊन गेल्याचे वात्सल्य होते. धोंडप्पांना घाम फुटला. त्यांनी गळ्याजवळचा घाम पुसण्याकरिता सदऱ्याची दोन बटणे सोडली, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या खिशाची लाज राखलेल्या त्या माणसाच्या बंडीतून पाकिटाचे टोक बाहेर आले.

"आहाहा!" मारोती सरांचा कंठ दाटून आला. "अप्पा नको म्हणून राहिलेत, पण दानच खिशातून डोकावून राहिलंय! बघा, मंडळी!"

"सर, ते न्हाई," धोंडप्पा हलकेच म्हणाले. "ते दुसऱ्याचं हाय."

"कुणाचं?" मारोती सरांनी विचारले, आणि ध्वनिक्षेपक पुढे केला.

हा प्रश्न निरागस होता. उत्तरही सोपे होते. परंतु ते उत्तर चार कर्ण्यांतून शिरूरच्या सर्व गल्ल्यांत जाणार होते, आणि त्यांपैकी एका गल्लीत निजामोद्दीन दाराशी बसून कापूस पिंजत होते. धोंडप्पांनी ध्वनिक्षेपकाकडे पाहिले. मग, एखाद्या खिडकीबाहेर पाहावे तसे, पंख्यावरील तलाठ्यांच्या नावाकडे पाहिले.

"कुणाचं न्हाई," ते म्हणाले. "घ्या."

सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. पाच हजार हा पूर्ण आकडा अशुभ असल्यामुळे समितीने त्यात स्वतःचा एक रुपया उसना घालून पाच हजार एकची पावती फाडली. ('एक रुपया येणे' अशी नोंद मागील बाजूस केली. आधी जाहीर झालेले एकशे एक हाराच्या खर्चात जमा झाले.) दहा नोटा चांदीच्या मुलाम्याच्या तबकात, फुलांच्या पाकळ्यांवर ठेवण्यात आल्या आणि धोंडप्पांना 'आकस्मिक महादाता' घोषित करून मंचावर मालकांच्या शेजारी बसवण्यात आले. त्यांच्या हातात नारळ आला, गळ्यात हार पडला. तो काढून ठेवण्याचा विधी कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

यानंतर गरजूंना साहाय्य हा अखेरचा, आणि खर्चाच्या दृष्टीने किरकोळ, कार्यक्रम होता. मिळालेल्या दानापैकी मंडप, कर्णे, हार, शाली, फलक आणि पदाधिकाऱ्यांचे भोजन वजा जाता जे उरते ते गरजूंचे, असे समितीचे स्वच्छ धोरण आहे. यंदा गरजू चार होते. अधिक असते, परंतु समितीने पात्रतेचे निकष कडक ठेवले आहेत : गरजू खराखुरा गरीब असावा, परंतु छायाचित्रात तसा दिसू नये, त्याने सकाळी दहापासून हजर राहावे, आणि आभाराचे दोन शब्द त्याला पाठ असावेत.

"चौथ्या गरजू," मारोती सरांनी पुकारले, "कुमारी उमैमा निजामोद्दीन!"

धोंडप्पांच्या हातातील नारळ मांडीवरून घरंगळला.

उमैमेला गुणगौरवासाठी बोलावले होते. गेल्या वर्षी ती वर्गात पहिली आली होती, आणि तसे पत्रच तिच्या घरी आले होते. परंतु गुणवंतांना वेगळ्या शाली आणि गरजूंना वेगळी दप्तरे हा दुहेरी खर्च समितीला परवडेना, म्हणून आदल्या दिवशीच्या बैठकीत दोन्ही कार्यक्रम एकत्र करण्यात आले. ती इस्त्रीचा सलवार-कमीज घालून, गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मंचावर चढली आणि 'गरजू' हा शब्द ऐकून तिसऱ्या पायरीवर क्षणभर थांबली.

तिला द्यायचे होते ते असे : नऊ पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे छापलेले एक दप्तर, आणि पाचशे एक रुपयांचे पाकीट. ते देण्याचा मान आकस्मिक महादात्याचा होता.

"काका?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही हितं कसे?"

"बसवलं गं माय," धोंडप्पा म्हणाले.

"अप्पा, दप्तर थोडं वर धरा," छायाचित्रकार ओरडला. "मालकांचा फोटो झाकून राहिलाय."

दप्तर वर धरण्यात आले. त्याआडून उमैमेची नजर तबकाकडे गेली. पाकळ्यांवर दहा नोटा होत्या. दहाही उभ्या दुमडलेल्या. मागच्या वर्षी वसतिगृहाच्या खिडकीतला कारकून अशाच दहा नोटा एकेक सरळ करताना तिच्यावर वैतागला होता, आणि घरी येऊन तिने विचारले तेव्हा अब्बा म्हणाले होते, "रजईची मजुरी हाय बेटा. गिऱ्हाईक तसंच दुमडतं." उमैमेने तबकाकडे पाहिले, धोंडप्पांकडे पाहिले. धोंडप्पा पंख्याकडे पाहत होते.

"आता उमैमाताई आभाराचे दोन शब्द बोलतील," मारोती सर म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी ध्वनिक्षेपक अशा माणसाच्या हाती दिला, ज्याला बोलायचे होते.

"सर्वांना नमस्कार," उमैमा म्हणाली. आवाज कापत होता, परंतु कर्णे उत्तम होते. "मला पाचशे एक रुपये मिळाले, समितीचे आभार. माझ्या वसतिगृहाचे पाच हजार भरायचे हायेत. उद्या बारापर्यंत. न्हाई भरले तर परीक्षेला बसू देत न्हाईत." ती मालकांकडे वळली. "मालकांनी सकाळी एक्कावन्न हजार सांगितले. मी मागं बसून ऐकलं. ते रोख हायेत का नुसते जाहीर?"

श्रीशैल मालक मंद हसले.

"मालक विचार करून राहिलेत," उमैमा म्हणाली. "पेटी वाजवा."

पेटीवाला हा आज्ञाधारक मनुष्य होता. तीन वर्षांत हे वाक्य कानी पडताच त्याची बोटे आपोआप जात. वाक्य कोण उच्चारतो हे पाहण्याचे त्याला कारण पडले नव्हते. काळी चार लागली. दहावा सेकंद गेला. विसावा गेला. मालकांनी कपाळ पुसले. दोनशे चाळीस माणसे आता मालकांकडे पाहत होती, आणि शास्त्राला व्यक्ती ठाऊक नसते. अडतिसाव्या सेकंदाला कोष्टकाच्या कर्त्यानेच ते कोष्टक सिद्ध करून दाखवले. मालक उठले, त्यांनी तबकात हात घातला, उभ्या दुमडलेल्या दहा नोटा उचलल्या आणि उमैमेच्या हातावर ठेवल्या.

"माझ्याकडून," ते भारावून म्हणाले, "पाच हजार!"

त्या दिवशी झालेल्या टाळ्यांइतक्या टाळ्या शिरूरमध्ये पूर्वी कधी झाल्या नव्हत्या. काही वृद्धांच्या डोळ्यांत पाणी आले. दोघे जण शिट्टीही वाजवून गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने उमैमा लातुरास गेली आणि साडेदहाला फी भरली. कारकुनाने दहा नोटा एकेक सरळ केल्या. म्हणजे जे पैसे जिथे जायचे होते तिथेच, वेळेआधी दीड तास, पोहोचले. समितीच्या कार्यक्षमतेविषयी शंका घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. मधल्या प्रवासात त्यांचा फक्त दाता बदलला.

आठवड्याभरात बसस्थानकासमोर फलक लागला. त्यावर मालक नोटा देत आहेत, उमैमा घेत आहे, आणि वर 'लेकींचा आधारवड' अशी अक्षरे आहेत. उजव्या कडेला हार घातलेले एक कोपर दिसते, ते धोंडप्पांचे. सुटीत उमैमा गावी आली तेव्हा बसमधून उतरल्यापासून घरापर्यंत तिला एकोणीस जणांनी थांबवले. "नीट शिकून राहिलीस ना, बाई? आमच्या पैशाचं चीज कर!" या एकोणिसांपैकी दान दिलेले तिघे होते. उरलेल्या सोळांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि एका दुपारी निजामोद्दीन रजई घेऊन धोंडप्पांच्या दारी आले. सभा झाली त्याच संध्याकाळी धोंडप्पा ती रजई घेऊन शेजारी गेले होते. मजुरी काहीच जवळ नव्हती. नुसते तोंड दाखवायला गेले होते. निजामोद्दीनांनी रजई दाबून पाहिली आणि ठेवून घेतली. आता त्यांनी ती ओट्यावर टाकली तेव्हा धपकन आवाज झाला. ती खरोखरच भरलेली होती. नवा कापूस, दाट टाके, चारही कोपरे ताठ.

"हे काय, निजामभाई? मजुरी न्हाई दिली मी यंदा."

"मिळाली की," निजामोद्दीन म्हणाले. "सगळ्या गावानं दिली. मी दारात बसलो होतो अप्पा, अन् भोंग्यातून पोरीचं नाव आलं. गरजू म्हणून." त्यांनी रजईचा एक कोपरा सरळ केला. "तुमचा काय कसूर न्हाई. पण आता पुढल्या साली रजई आणू नका. आता भरलेली हाय. धा वर्षं बसत न्हाई तिचा कापूस."

ते गेले. उमैमेच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष अजून बाकी होते.

त्या रात्री धोंडप्पा ती रजई अंगावर घेऊन झोपले. "वैशाखात रजई?" गौरम्मा म्हणाल्या. "येडं लागलं का काय तुमाला?" धोंडप्पांनी रजई गळ्यापर्यंत ओढून घेतली. घामाने त्यांची उशी भिजली. निदान गौरम्मांनी तो घामच मानला.

सकाळी समितीचे पत्र आले : 'आपणाकडून एक रुपया येणे आहे. पुढील दानोत्सवापूर्वी भरणा न झाल्यास नाव पुकारले जाईल.'

असो. कोणाचे न्यून काढणे हा या कथनाचा हेतू नाही. उमैमेने पेटी वाजवायला सांगितली तेव्हा वाचकांपैकी अनेकांनी मनातल्या मनात टाळी वाजवली असेल, आणि काहीतरी सत्कृत्य आपल्याही हातून घडल्यासारखे त्यांना वाटले असेल. त्यात गैर काही नाही. शिरूरच्या सोळा जणांनाही तसेच वाटले. टाळीचा एक गुण शास्त्रकारांच्या नजरेतून सुटला, तेवढा येथे नमूद करतो : ती वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे एकही हात खिशाकडे जाऊ शकत नाही.

मालकांना दीर्घायुष्य लाभो. मारोती सरांचा कंठ असाच दाटून येवो. निजामोद्दीनांच्या टाक्यांना बळ मिळो, उमैमेच्या हाताला यश येवो, आणि धोंडप्पांना यंदा लवकर थंडी पडो. ज्यांनी हे सर्व शांतपणे, दोन्ही हात मोकळे असताना वाचले, त्यांचेही कल्याण असो. त्यांचे नाव कोणी न पुकारो.